शिव्या घालून फवारलेलं पाणी

माझ्या धाकट्या जावेच्या बागेत त्या सकाळी इतकी माणसं जमली होती की सफरचंदाच्या दोन ओळींमधलं गवत पार झोपलं. तारेच्या कुंपणाअलीकडे, माझ्या बागेत, मी एकटी. हातात छाटणीची कात्री होती, पण छाटणी चालली नव्हती. खोटं कशाला बोलू, मी बघायलाच उभी होते.

मध्यभागी फुंकरबाबा. समोर पाण्याची बादली आणि हातात वीतभर लांबीची काळी नळी. त्यानं डोळे मिटले, मोठ्यानं मंत्र म्हटला, नळी ओठांना लावली, दुसरं टोक पाण्यात बुडवलं आणि गाल फुगवून फुंकर घातली. बुडबुडे आले. पाणी हळूहळू दुधाळ झालं. लोकांचे श्वास अडकले.

"झाडाला कान असतात," बाबा म्हणाला. "तुम्ही त्याला खत देता, औषध देता, पण कधी बोललात त्याच्याशी? मी बोलतो. माझा श्वास पाण्यात, पाणी पानात, पान देवाच्या दारात."

पान देवाच्या दारात कसं जातं हे कुणी विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. पाणी तासभर निवळल्यावर जाऊबाईंनी बादली उचलली, वरचं पाणी गाळून पंपात ओतलं, पंप पाठीला लावला आणि अशा काही थाटात फवारत निघाल्या की झाडांनी वाकून नमस्कार केला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

माझा जीव जळत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. अंधश्रद्धा उघडी पाडणाऱ्या माणसाच्या मनात सत्याची तळमळ असते म्हणे. माझ्या मनात जाऊ होती.

बाग मूळची एकच, सासऱ्यांनी लावलेली. दोन्ही मुलांची लग्नं झाल्यावर त्यांनी मधून तार ओढली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला दीर-जाऊ, आणि तारेच्या टोकाशी दोन खोल्यांत ते स्वतः. झाडं एकाच वयाची, माती एकच. त्यामुळे कुणाची बाग बरी हे सांगायला कुणाला चष्मा लागायचा नाही.

त्या वर्षी पावसाळी हवा लांबली आणि खपलीचा रोग आला. आधी पानांवर शेवाळी डाग, मग फळांवर काळ्या खपल्या, मग फळ तडकतं. माझ्या बागेत तो पाहुण्यासारखा येऊन ठाण मांडून बसला. तारेपलीकडे पानं अशी चकाकत होती की जणू कुणी फडक्यानं पुसलीत. चार डाग तिथेही होते, पण चारच. माझ्याकडे शेवटची ओळ सोडली तर चार पानं धड नव्हती.

फुंकरबाबा खरं म्हणजे झाडांचा बाबा नव्हताच. तो गुडघ्यांचा बाबा. कंबर, गुडघे, डोकं, जे दुखेल त्यावर त्याचं फुंकलेलं पाणी प्यायचं. सासऱ्यांचे गुडघे दहा वर्षं दुखत होते. जाऊबाईंनी त्याला बोलावलं, सासरे पाणी प्यायले आणि चौथ्या दिवशी काठी न घेता बागेच्या टोकापर्यंत जाऊन आले. उरलेलं पाणी टाकवेना म्हणून जाऊबाईंनी ते झाडांवर मारलं, दर आठवड्याला मारत राहिल्या, आणि झाडंही निरोगी राहिली. झालं. बाबाचा धंदा गुडघ्यांवरून थेट शेंड्यांवर गेला.

झाडांचं मी सोसलं असतं. पण सासरे इतकी वर्षं सकाळचा चहा माझ्याकडे घ्यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा कलम बांधायला त्यांनीच मला शिकवलं, माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा दाबून. मला वडील नव्हते. ते माणूस माझं होतं, असं मी धरून चालले होते. गुडघे बरे झाल्यापासून त्यांचे पाय सकाळी परस्पर तारेपलीकडे वळायला लागले. आणि एक दिवस बाजारात चार माणसांत म्हणाले, "धाकटीच्या हाताला गुण आहे." मी शेजारीच उभी होते, त्यांची पिशवी धरून.

आमच्या ह्यांचा धीर सुटला आणि त्यांनीही बाबाला बोलावलं. बाबानं फुंकलं, आम्ही फवारलं, दोन आठवडे वाट पाहिली. डाग होते तिथेच राहिले. बाबा परत आला, एक पान तोडून उन्हात धरलं, मान हलवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पाण्याचा दोष नाही. तारेच्या या बाजूला मत्सर आहे. मत्सराच्या घरी झाड ऐकत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य खरं होतं, आणि तेच नेमकं त्यानं माझ्यावर वापरलं.

त्या दिवसापासून मी ठरवलं, या पाण्यात काय आहे ते बघायचंच. फुंकरीनं पाणी दुधाळ कसं होतं? मी घरी ग्लासात पाणी घेऊन रबराच्या नळीनं दम लागेपर्यंत फुंकलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं. आमचे हे दारातून बघत होते. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. व्यायाम, म्हटलं.

जाऊबाईंची एक पद्धत होती. बादलीतलं पाणी तासभर निवळू द्यायचं, वरचं झाडांना, आणि तळाशी जो पांढरा गाळ बसतो तो बरणीत भरून सासऱ्यांसाठी ठेवायचा. तळाचं जास्त गुणाचं, असं बाबानंच सांगितलं होतं. ती बरणी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची. रोज सकाळी आणि संध्याकाळी ढवळून अर्धा कप सासऱ्यांना.

एका दुपारी त्या फळांच्या पेट्या आणायला गेल्या तेव्हा मी तार ओलांडली. खिडकीतून हात घातला, बरणी ढवळली, कपभर काढून घेतलं आणि कमी झालेलं दिसू नये म्हणून नळाचं पाणी वरून भरलं. चोरी ती चोरीच. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी जावेच्या खिडकीतून पाणी चोरलं.

घरी येऊन वास घेतला. आंबूस होता, शिरक्यासारखा. कुठेतरी ओळखीचा वाटला. संध्याकाळी कपाटात काही शोधताना औषधांची जुनी डबी उघडली आणि तोच वास नाकात शिरला. डोकेदुखीच्या गोळ्या ओल धरून जुन्या झाल्या की येतो, तो.

पहिल्या झाडावर मी ते घट्ट पाणी तसंच मारलं. तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग शहाणी झाले. पुढच्या खेपेला कपभर पाणी दोन बादल्यांत मिसळलं आणि बागेच्या शेवटच्या ओळीत गेले. तिथे रोग अजून पोचायचा होता. तीन झाडांना चोरलेलं पाणी. त्यांच्या शेजारच्या तीन झाडांना नळाचं साधं पाणी, पण बाबाचा मंत्र म्हणून. मंत्र मला पाठ होता. इतक्या वेळा तारेशी उभी राहून ऐकला होता. आणि चोरलेल्या पाण्यावर मंत्र पडू नये म्हणून ते फवारताना मी मुद्दाम शिव्या घातल्या. बाबाला घातल्या, नळीला घातल्या आणि मग जावेला घातल्या. त्या घालायला फार कष्ट पडले नाहीत.

दर आठवड्याला हेच. तीन आठवड्यांनी मी पानं मोजली. मंत्राची तिन्ही झाडं डागांनी भरली होती. शिव्यांच्या झाडांवर शोधून शोधून डाग सापडत होते.

म्हणजे मला कळलं होतं. मंत्र नाही, श्वास नाही, श्रद्धा नाही. गोळ्यांची पूड आहे. त्याच दिवशी तार ओलांडून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. सांगायचं तर चोरी कबूल करावी लागली असती. आणि दुसरं म्हणजे, मला वाटलं, आता माझीही झाडं सुधारतील, जावेचं मिरवणं मी अजून थोडे दिवस मजेत बघेन, मग सगळ्यांसमोर एकदाच फोडेन. सासरे माझ्याकडे चहाला परत येतील, असं एक चित्रही मी मनात रंगवून ठेवलं होतं. त्या चित्रात सासरे रोज दोन वेळा ती पूड पितायत, हे मला दिसलंच नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी सासरे तारेशी कोसळले.

रुग्णालयाच्या बाकावर आम्ही चौघं बसलो होतो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पोटात रक्तस्राव होतोय म्हणाल्या, रक्त बरंच गेलंय, काही दिवस शौचाला काळं होत असणार, कुणाच्या लक्षात आलं नाही का? मग त्यांनी विचारलं, दुखण्याच्या कुठल्या गोळ्या घेतात?

"एकही नाही," जाऊबाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी घ्यायचे. आता फक्त फुंकलेलं पाणी. मी स्वतःच्या हातानं देते."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. नीट आठवा, म्हणाल्या, कारण रक्त गोठत नाहीये आणि का गोठत नाहीये हे कळलं तर आम्हाला तसे उपाय करता येतील. दीर म्हणाले, नाही हो, गोळी घरात नाही. जाऊबाई रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मी काहीच वेडंवाकडं दिलं नाही.

मी फरशीकडे बघत होते. एका फरशीला चीर गेली होती. मला अजून ती चीर आठवते.

"घेतात," मी म्हणाले. "त्या पाण्यातून घेतात. पाण्यात गोळ्यांची पूड आहे. मी ते पाणी चोरलं होतं, मला माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी किती, कधीपासून, एवढंच विचारलं आणि आत पळाल्या. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. भांडतील असं वाटलं होतं. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या, बस्स.

सासरे वाचले. तीन बाटल्या रक्त चढलं. आमचे हे मला समजावत होते की तू बरणीत नळाचं पाणी भरत होतीस म्हणून तरी औषध थोडं पातळ झालं. मला तो दिलासा घ्यावासा वाटला नाही.

मी बरणी घेऊन पानडॉक्टरांकडे गेले. झाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेतले हे गृहस्थ. लोक पिशवीत रोगट पानं घेऊन जातात म्हणून हे नाव पडलं. गोळ्या कुटून सफरचंद वाचतं हे ऐकून ते हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसले आणि शेवटच्या ओळीतल्या सहा झाडांची हकिकत त्यांनी दोनदा ऐकली. शिव्यांच्या भागाला मात्र हसले.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. पानावर बुरशी शिरली की ते पान स्वतःच एक आम्ल तयार करतं, सॅलिसिलिक आम्ल. ते झाडाचं संप्रेरक, म्हणजे आतल्या आत निरोप पोचवणारं रसायन. निरोप पोचला की पेशींमधली एरवी निजलेली काही जनुकं जागी होतात आणि झाड बुरशीची भिंत फोडणारी प्रथिनं बनवायला लागतं. डोकेदुखीची गोळी ही त्याच आम्लाची चुलत बहीण. पाण्यात भिजली की तिच्यातून तेच आम्ल सुटतं. बाबाची फवारणी म्हणजे झाडाला चोर यायच्या आधीच दिलेली "चोर, चोर" अशी हाक. झाड दारं लावून बसतं, मग चोर आला तरी फारसं नेत नाही.

"मग माझ्या झाडांवर बाबाचं पाणी का नाही चाललं?" मी विचारलं.

"तुमच्याकडे चोर आधीच घरात होता," ते म्हणाले. "आता दार लावून काय उपयोग?"

मला एकदम हलकं वाटलं. मत्सर नव्हता तर, उशीर होता. पण वर त्यांनी हेही बजावलं की उद्यापासून कुणी गोळ्या कुटत बसू नका. माप चुकलं तर पानं करपतात, माणसाच्या पोटात गेलं तर काय होतं ते पाहिलंतच, आणि खपलीवर यापेक्षा खात्रीचे उपाय आहेत, पडलेली रोगट पानं गोळा करण्यापासून सुरुवात करा.

पुढच्या रविवारी फळं भरायच्या शेडमध्ये बाबा आला. सासरे रुग्णालयात आहेत हे त्याच्या कानावर होतं. त्यावर त्याचं उत्तरही तयार होतं. म्हणे म्हाताऱ्यानं सगळं दुखणं झाडांचं स्वतःवर घेतलं. लोक माना डोलावत होते. मी बोलावलेले पानडॉक्टर पुढे झाले, नम्रपणे म्हणाले की बाबांनी आज माझ्या नळीनं फुंकावं. तशीच काळी नळी, तेवढीच लांब, आरपार मोकळी.

बाबा म्हणाला, "माझी नळी गुरूनं दिलेली आहे."

जाऊबाई उठल्या. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बाबाच्या हातातली नळी घेतली आणि टेबलावर आपटली. एका टोकाला कागदाचा बोळा होता, ओला झाला की सुटणारा. त्यामागून पांढरी पूड टेबलावर सांडली.

पानडॉक्टरांनी दोन ग्लास भरले. एकात बरणीतलं पाणी, एकात नळाचं. दोन्हींत लोहाच्या क्षाराचे पिवळसर थेंब टाकले. नळाचं पाणी पिवळट झालं. बरणीचं पाणी वांग्याच्या सालीसारखं गडद जांभळं झालं. मग माझ्या जुन्या डबीतली गोळी कुटून साध्या पाण्यात टाकली, तेच थेंब, तोच जांभळा. लोक खुर्च्या सरकवून पुढे आले.

बाबा तरीही डगमगला नाही. पूड असेल, म्हणाला, पण गोळ्यांनी झाडं बरी झालेली कुणी ऐकलीत? पूड निमित्त. झाडांना वाचवलं ते मंत्रानं आणि तुमच्या श्रद्धेनं. आणि गंमत अशी की यातलं अर्धं तो मनापासून बोलत होता. गोळीनं गुडघा थांबतो हे त्याला माहीत होतं. झाड का वाचतं हे त्यालाही कधी कळलं नव्हतं. चार माणसांच्या माना पुन्हा डोलायला लागल्या. ते बघून मला बोलावंच लागलं.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खिडकी, कप, नळाचं पाणी, शेवटची ओळ. मंत्राची तीन झाडं रोगानं भरली आणि शिव्यांची तीन वाचली, जाऊन बघा, झाडं जागेवर आहेत.

मागून कुणीतरी विचारलं, शिव्या कोणत्या?

"'या सटवीची बाग वाळो,' अशी सुरुवात होती," मी म्हणाले. "पुढच्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. मनात श्रद्धा तर सोडाच, विष होतं. तरी झाडं वाचली. झाडाला कान नाहीत. असते तर माझी तीन झाडं लाजेनं वाळली असती."

शेडमध्ये हशा पिकला. बाबावर पहिल्यांदाच लोक हसले, आणि हसू आलं की भीती टिकत नाही. तो नळी तिथेच टाकून निघाला. डॉक्टरीणबाईंनी आधीच पोलिसांत तक्रार नोंदवली होती, त्यामुळे तो फार लांब गेला नाही.

माणसं शेवटच्या ओळीकडे झाडं बघायला धावली. मी जिंकले होते. महिनाभर जे चित्र रंगवलं होतं ते समोर होतं, आणि त्यात जाऊबाई एकट्या टेबलाशी उभ्या राहून सांडलेली पूड फडक्यानं पुसत होत्या. रोज दोन वेळा ढवळून दिलेली पूड. मी जवळ गेले.

वर न बघता त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला वास कधी आला होता?"

शिव्यांचं त्यांनी काढलंच नाही. चोरीचंही नाही.

"मामंजी पडले त्याच्या दीड महिना आधी," मी म्हणाले. "आणि खात्री झाली तीही ते पडायच्या तीन आठवडे आधी."

त्यांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं म्हणून मी पाजलं. तुम्हाला माहीत होतं."

मी खाली वाकून टेबलाखाली सांडलेली पूड पुसायला लागले.

सासरे घरी आलेत. गुडघे पुन्हा दुखतात, काठी परत आली. तारेच्या टोकाशी खुर्ची टाकून बसतात आणि आम्हा दोघींना सारखंच बोलतात. चहा एक दिवस मी नेते, एक दिवस जाऊ नेते. कोण कपात काय घालतं हे दोघी एकमेकींना सांगतो. बोलणं अजून तेवढंच आहे.

तुम्हाला माझं सांगणं इतकंच. कुणी पाणी फुंकून दिलं तर पाण्यात काय आहे ते विचारा. गुण आला तरी विचारा, गुण आला तर जास्तच विचारा. एका झाडाला द्या, एकाला देऊ नका, आणि पानं मोजा. त्याला शिक्षण लागत नाही. बाबा लबाड होता, जाऊ भोळी होती, हे सगळं गाव सांगेल. खरं काय ते कळलेली त्या बागेत एकच बाई होती, आणि ती जळत गप्प बसली होती. म्हणून कळलं, की त्याच दिवशी तार ओलांडून जा आणि सांगा.